कोणाला दिसत नाही अशी सेवा वर्षानुवर्षं कशी टिकवायची? ठाणे-नवी मुंबईतल्या विश्वासूंनी जरूर सांगा

ऐरोलीची_रूथ

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ऐरोलीला राहते, आयटीत आहे, आमची मंडळी म्हणजे चर्च ठाण्यात, उपासना मराठीत. मंडळीत वयस्कर लोक खूप आहेत, नगरकडून नोकरीसाठी आलेली पिढी, कोणी रेल्वेत होतं, कोणी वागळे इस्टेटच्या कंपन्यांत, कोणी नर्स, कोणी शिक्षिका, आणि आता त्यातल्या बऱ्याच जणांना घराबाहेर पडता येत नाही. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. तर शनिवारी सकाळी मी त्यांच्यातल्या काही जणांकडे जाते, कोपरी, किसननगर, कळवा असा फेरा असतो. शास्त्रभाग वाचायचा, एखादं गीत म्हणायचं, प्रार्थना करायची, आणि मग बाकीची कामं सुरू होतात. आठवड्याच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवायच्या, लाइटबिल मोबाइलवरून भरायचं, बँकेच्या नावाने मेसेज आलेला असतो तो खरा की फसवणुकीचा ते बघायचं, नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची धावपळ. किसननगरला एक आजी आहेत चौथ्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाली उतरलेल्याच नाहीत. त्यांच्या पायाची नखं मी कापते. म्हाताऱ्या माणसाची नखं इतकी जाड होतात की नुसतं नेलकटर चालतच नाही, आधी घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय भिजवून ठेवावे लागतात, तोवर त्या मला शाळेतल्या गोष्टी सांगतात, त्या शिक्षिका होत्या.

आता मुद्दा. नाताळच्या आधी आमचा तरुण संघ अशाच काही घरी एकदा जाऊन आला, केक नेला, लाल टोप्या घातल्या, गाणी म्हटली, रील बनवली. रील खूप फिरली, पुढच्या रविवारी त्यांना समोर बोलावून टाळ्या झाल्या. चांगलंच झालं ते, पोरं गेली तर खरी. पण नंतरच्या शनिवारी आजींनी मला विचारलं, "अगं, त्या पोरांनी माझा व्हिडिओ काढला, माझे केससुद्धा विंचरलेले नव्हते, तो कुठेकुठे दिसतो गं?" मला काही उत्तर देता येईना. आणि त्या दिवसापासून आत काहीतरी सलतंय. आजींसाठी वाईट वाटतंय हे तर आहेच, पण खरं सांगू, मला कधी कोणी समोर बोलावलं नाही हेही त्यात आहे.

त्यात बाहेरचं वातावरण असं की ऑफिसमधली मैत्रीण म्हणते हे सगळं प्रोफाइलवर टाक, अप्रेझलला कामाला येतं, पर्सनल ब्रँड बनव. भाऊ म्हणतो शनिवार हा तुझा मी-टाइम आहे, आधी स्वतःवर प्रेम करायला शीक. दोघंही माझ्या भल्यासाठीच बोलतात. पण दिवसभर हेच कानावर पडत राहिलं की शनिवारी सकाळी गजर वाजल्यावर उठताना मन म्हणतं, कशाला?

तर दोन प्रश्न. कोणीतरी बघावं असं वाटणं चूक आहे का? आणि तुमच्यापैकी जे खूप वर्षं अशी सेवा करतायत ते टिकले कसे? "देव बघतोय" एवढंच सांगू नका प्लीज, तो बघतोय यावर माझा विश्वास आहे, मला त्याच्या पुढचं हवंय.

घणसोली_गिटार

सलाम ताई. मी तुमच्या मंडळीतला नाही पण आमच्याकडे रील बनवणारा मीच असतो म्हणून उत्तर देणं भाग आहे 🙏

आजींना न विचारता व्हिडिओ टाकला हे बरोबर नाही, त्यावर वाद नाही. आम्ही आता आधी विचारतो, आणि चेहरा नको असेल तर फक्त आवाज घेतो. पण दाखवणंच चूक असं नका म्हणू ताई. बायबलात मत्तयच्या ५ व्या अध्यायात प्रभू येशू स्वतः म्हणतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतील. आमच्या एका व्हिडिओमुळे अशा माणसाने व्हीलचेअर दिली ज्याने कधी चर्चची पायरी चढलेली नव्हती. तो व्हिडिओ नसता तर ती व्हीलचेअर आलीच नसती.

आणि अजून एक, राग मानू नका. आमच्या पिढीला सगळे स्वार्थी म्हणतात. मी तुर्भ्याला नोकरी करतो, शिफ्ट बदलत असते, घरभाडं भरून हातात काय राहतं ते मलाच माहीत, आणि तरीही आमच्यातल्या बऱ्याच जणांना काहीतरी करायचं असतं. आम्हाला येतं ते आम्ही करतो, म्हणजे गाणं, गिटार, व्हिडिओ. आजींची नखं कशी कापायची हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. तुम्ही एवढा फेरा मारता ताई, तुमच्यासोबत कधी कोणाला नेलंय का? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय. मला कोणी "शनिवारी चल" म्हणालं असतं तर मी गेलो असतो.

निवृत्त_सिस्टर_कळवा

सलाम रूथ बेटा, आणि घणसोलीच्या पोरा तुलाही.

माझं नर्सिंगचं ट्रेनिंग मिरजेला मिशन हॉस्पिटलमध्ये झालं, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. नंतर सगळी नोकरी मुंबई-ठाण्यात सरकारी वॉर्डांत गेली. त्यामुळे मला जे सुचतंय ते वॉर्डातलंच सुचतंय.

आधी कामाचं. त्या आजींना डायबेटिस आहे का विचारून घे. असेल तर पाणी किती गरम आहे ते त्यांच्या पायाला विचारू नको, त्यांना कळणारच नाही, तू आपल्या कोपराने बघ, आणि पाय फार वेळ भिजत ठेवू नको. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल शिरायचं नाही. झाल्यावर बोटांच्या मधली जागा टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी करायची, तिथेच ओल राहून चिघळतं. आणि तळवा रोज कोणीतरी बघितला पाहिजे, त्यांना वाकता येत नसेल तर कामवाल्या बाईला आरसा धरायला सांग. जखम, काळपट डाग, सूज काहीही दिसलं तर डॉक्टर, घरगुती उपाय नाहीत. नख फारच जाड किंवा आत वळलेलं असेल तर तू हातच लावू नको. हे पहिल्यांदा सांगितलं कारण प्रेमाने केलेलं काम नीटही झालं पाहिजे, नम्रता म्हणजे कसंतरी करणं नव्हे.

आता तुझा प्रश्न. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना, खुब्याशी कातडी लाल होते आणि मग तिथे बेडसोर होतो. रात्रीची नर्स बारा वाजता, दोनला, चारला जाते, पाठ बघते, उशी सरकवते, चादरीची सुरकुती काढते. हे काम नीट झालं तर काय होतं माहितीये? काहीच होत नाही. पेशंट बरा होऊन घरी जातो आणि त्याच्या पाठीला जखम नसते. न झालेल्या जखमेचा फोटो कोणी कसा काढणार? नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडतात, पेढे डॉक्टरांना, आणि ते योग्यच आहे, पण रात्री चार वाजता कोण आलं होतं ते पेशंटलाही आठवत नाही, तो झोपेत असतो. तुझ्या गोळ्यांच्या डबीचंही तेच आहे. एखाद्या आजोबांनी बीपीची गोळी दोनदा घेतली नाही, ही काही बातमी होत नाही.

मग आम्ही कशावर टिकलो? सगळ्याजणी काही संतिणी नव्हतो. कुरकुर असायची, रडारडही व्हायची. टिकलो ते ड्युटीच्या तक्त्यामुळे आणि हँडओव्हरमुळे. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला बेडपाशी उभं राहून सांगायचं, ह्यांना रात्री ताप होता, ह्यांचं सलाईन सहाला संपेल, ह्यांची कूस डावीकडे आहे, आता उजवीकडे करा. सांगितलं की घरी जायचं आणि झोपायचं. पेशंट माझा होता पण एकटीचा नव्हता. रूथ, तुझ्या लिहिण्यात मला तोच धोका दिसतोय, त्या सगळ्या घरांची माहिती एकट्या तुझ्या डोक्यात आहे. उद्या तुला डेंग्यू झाला तर कळव्याच्या घरी कोण जाणार, आणि कुठली गोळी सकाळची नि कुठली रात्रीची हे त्याला कोण सांगणार? वही कर. प्रत्येक घराचं एक पान. आणि ह्या घणसोलीच्या मुलाला घेऊन जा, तो स्वतःहून विचारतोय.

कोणीतरी बघावं असं वाटणं चूक आहे का, यावर एवढंच सांगते की एकदा एका जुन्या मेट्रनबाईंनी राउंडला येऊन पेशंटची पाठ बघितली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शब्द एक नाही. ती मान हलवणं मला आजही आठवतं. टाळ्यांनी ते झालं नसतं. ज्याला ते काम कळतं अशा माणसाने बघितलेलं हवं असतं आपल्याला, गर्दीने नाही. तुझ्या मंडळीत अशी एखादी जुनी नर्स नक्की असेल, तिला महिन्यातून एकदा फोन कर आणि काय केलंस ते सांग.

उथळसर_काका

मी कॅथलिक, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातला, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यात. सिस्टरबाईंनी हँडओव्हरचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, अनेक पॅरिशमध्ये आहे, गरीब आणि आजारी कुटुंबांना घरी जाऊन भेटायचं काम. ही १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि सुरू कोणी केली तर कॉलेजच्या पोरांनी, फ्रेडरिक ओझानाम तेव्हा फक्त २० वर्षांचा होता. झालं असं की हे विद्यार्थी वादविवाद मंडळात धर्माच्या बाजूने जोरात बोलायचे, तेव्हा समोरच्यांनी विचारलं, तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आज पॅरिसच्या गरिबांसाठी तुम्ही काय करताय ते दाखवा. उत्तर नव्हतं. मग ते सिस्टर रोझाली रँदू यांच्याकडे गेले, त्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होत्या, त्यांनी पोरांना कुठल्या घरी जायचं, कसं बोलायचं, काय न्यायचं ते शिकवलं. घणसोलीवाल्या बाळा, तुझी तक्रार म्हणूनच मला शंभर टक्के पटते. तरुणांना उत्साह असतो, पण त्यांना घराच्या दारापर्यंत नेणारी एक रोझाली लागते. रूथताई, तुम्ही ती होऊ शकता, असं मला वाटतं.

आमच्या दोन पद्धती सांगतो. एक, भेटीला कधी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. याने सुरक्षितताही राहते, आणि एकाचा धीर सुटला की दुसरा असतो. दुसरी मला फार आवडते. मीटिंगच्या शेवटी एक पिशवी फिरते, गुप्त दान. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि सोडायची. कोणी किती टाकले कोणालाच कळत नाही. पाचशे टाकणाऱ्याची आणि खिसा रिकामा असलेल्याची मूठ बाहेरून सारखीच दिसते, म्हणून ज्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच नाही तोही मान खाली न घालता बसू शकतो. मत्तयच्या ६ व्या अध्यायात प्रभू म्हणतो उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. पूर्वी मला वाटायचं हे फक्त देणाऱ्याच्या गर्वासाठी सांगितलंय. पिशवी फिरताना बघून समजलं की ज्याच्याकडे नाही त्याचीही लाज त्यात राखली जाते. तुमच्या आजींच्या न विंचरलेल्या केसांचं तेच आहे. आपण गुपचूप करायचं ते त्यांच्यासाठी.

बाकी व्हिडिओबद्दल माझं मत जुनं समजा, पण आजारी माणसाच्या बिछान्यापाशी कॅमेरा नकोच. व्हीलचेअर हवी तर व्हीलचेअरचा फोटो टाका.

कोपरखैरणे_सेक्टर

सगळ्यांचं वाचलं. छान आहे. पण एक कडू प्रश्न विचारतो, कोणी विचारत नाहीये म्हणून.

माझी आई आयुष्यभर चर्चमध्ये हेच करत होती. सहभोजनाला भाकऱ्या आई थापणार, प्रभुभोजनाचे पेले आई धुणार, कोणाच्या घरी मयत झालं की रात्रभर आई बसणार. पंच कमिटीत सगळे पुरुष, समोर खुर्चीवर पुरुष, आणि दरवर्षी एकदा "आमच्या भगिनींची नम्र सेवा" म्हणून दोन मिनिटं. नम्रता हा शब्द आमच्याकडे फक्त बायकांना लागतो का? ताईंना तुम्ही सगळे अजून टिका, अजून टिका सांगताय, पण मंडळीने काय करायचं? ताई थकल्या तर तो ताईंचा विश्वास कमी पडला असं म्हणणार का?

पाळकाची_मुलगी_खारघर

कोपरखैरणेकर दादा, बरं झालं विचारलंत. मी पाळकाच्या म्हणजे पास्टरच्या घरात वाढले, आईची तीच कथा आहे, म्हणून यावर मी बराच विचार केलाय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायातच आहे. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज जेवण वाटलं जायचं, त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, कुरकुर झाली. तेव्हा वाढायच्या कामावर नेमले कोण? सात पुरुष. स्तेफन त्यांतलाच. आणि त्यांच्यात काय बघितलं, तर आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेली माणसं. वाढप्याच्या कामाला मंडळीने आपली सगळ्यात चांगली माणसं दिली, आणि तीही कुरकुर ऐकून घेऊन, "कुरकुर करू नका, नम्र राहा" असं सांगून नाही. हा अध्याय पंच कमिटीच्या प्रत्येक निवडणुकीआधी वाचायला हवा असं माझं ठाम मत आहे. आणि योहान १३ मध्ये शिष्यांचे पाय धुवायला टॉवेल बांधून खाली बसला तो येशू स्वतः गुरू होता, आणि ज्यांचे पाय धुतले त्यांत यहूदाही होता, तो त्यानंतर त्याला धरून द्यायला उठून बाहेर गेला.

रूथताई, तुमचा बाहेरच्या स्वार्थी वातावरणाचा मुद्दा. हे आजचं नाही हो. प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो तेव्हा आपल्या सहकारी तीमथ्याबद्दल सांगताना म्हणतो की माझ्याजवळ याच्यासारखा दुसरा कोणी नाही, बाकी सगळे स्वतःचंच बघतात. तेव्हा ना इन्स्टा होतं ना अप्रेझल. आणि त्याच अध्यायात लगेच खाली एपफ्रदीत येतो. त्याच्याबद्दल आपल्याला या एका पत्राबाहेर काहीच माहीत नाही. फिलिप्पैच्या लोकांनी पौलासाठी मदत पाठवली ती पोचवायला हा गेला, तिथे मरणाच्या दारात जाईल इतका आजारी पडला, आणि त्याला काळजी कसली, तर घरच्यांना माझ्या आजाराचं कळलं, ते घाबरले असतील. म्हणजे सामान पोचवणारा माणूस. पौल त्याला भाऊ म्हणतो, सहकारी म्हणतो, सोबतीचा शिपाई म्हणतो आणि पुढे मंडळीला सरळ सांगतो की अशा माणसांचा मान राखा. रोमकरांच्या पत्राचा शेवटचा अध्याय तर नावांची यादीच आहे, किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी पहिली, आणि मध्येच ज्याने ते पत्र हाताने लिहून काढलं तो तर्तिय स्वतः सलाम सांगून जातो. पौलाने त्याला गप्प बसवलं नाही.

म्हणून मला वाटतं की टाळ्या मागू नये हे सेवा करणाऱ्याचं काम, पण तिला बघणं, तिचं नाव घेणं, तिच्या हातातलं ओझं उचलणं हे मंडळीचं काम. आपल्याकडे होतं काय, की मंडळी आपलं काम करत नाही आणि सेवा करणाऱ्यालाच नम्रतेचा उपदेश करते. तुम्हाला सलतंय ते मला पाप वाटत नाही, मंडळीत काहीतरी चुकतंय त्याची ती खूण आहे. पाळकसाहेबांशी बोला. तक्रार म्हणून नाही, त्या घरांची गरज म्हणून.

पंडिता रमाबाईंचं सगळ्यांना माहीत आहे, केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या शेकडो मुली, आणि मूळ भाषा शिकून शेवटपर्यंत चाललेलं मराठी बायबलचं भाषांतर. १९२२ साली त्या गेल्या. पण मी तिथे गेले तेव्हा माझ्या डोक्यात रमाबाईंपेक्षा त्या छापखान्यातल्या मुली जास्त राहिल्या. ज्या बायका-मुलींना जगाने टाकून दिलं होतं त्याच तिथे खिळे जुळवत होत्या. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, एकेक उचलायचं, उलटं असतं, ओळीत लावायचं, काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी, आणि पान छापून झालं की पुन्हा सगळी सुटी करून ज्या त्या खणात टाकायची. अख्खं बायबल असं झालं. त्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला त्याचं वाईटही वाटतं, आणि तरी ते वचन कोणाच्या तरी बोटांतून माझ्यापर्यंत आलं हे विसरता येत नाही.

हो, आणि तुमचा भाऊ पूर्ण चुकीचा नाही. शिष्य सेवेवरून परत आले, लोकांची ये-जा एवढी की जेवायलाही सवड नाही, तेव्हा प्रभूनेच त्यांना सांगितलं की एकांती चला आणि थोडा विसावा घ्या, मार्क ६. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून पुन्हा खायला दिलं. महिन्यातला एक शनिवार सुट्टी घ्या, अपराधी वाटून न घेता. फक्त त्या दिवशी दुसरं कोणीतरी जाईल एवढी सोय करा.

निवृत्त_सिस्टर_कळवा

खारघरच्या मुली, आईला माझा सलाम सांग.

कोपरखैरणेकर, तुमच्या आईंचं वाचून डोळे भरले. प्रभुभोजनाचे पेले धुणारी बाई मीही होते. आता आमच्याकडे तक्ता लावलाय, प्रत्येक रविवारी एक जोडपं पेले धुतं, नवरा-बायको दोघं. पहिल्यांदा एकदोन साहेबांनी नाक मुरडलं, मग सवय झाली. मागायला लागतं हो, गप्प बसून होत नाही.

ऐरोलीची_रूथ

एवढं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं, एकदा ट्रेनमध्ये, एकदा घरी.

आजींना डायबेटिस आहे. कोपराचं मला माहीत नव्हतं, शनिवारपासून तसंच करीन. वही आज आणली, तीन पानं लिहून झाली, आणि लिहितानाच लक्षात आलं की कळव्याच्या आजोबांच्या मुलीचा नंबर कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

पाळकसाहेबांशी रविवारी बोलले. मी घरांची यादी समोर ठेवली आणि म्हटलं यांच्याकडे जोडीने जायला माणसं हवीत. ते थोडा वेळ यादी बघत बसले, त्यातल्या दोन घरी ते स्वतः खूप दिवसांत गेले नव्हते असं म्हणाले. पुढच्या रविवारी उपासनेत सांगणार आहेत. माझं नाव घेऊ नका असं मी म्हणणार होते, मग खारघरच्या ताईंचं आठवलं आणि म्हटलं घ्या, म्हणजे लोकांना कळेल कोणाला विचारायचं. रीलचंही त्यांच्या कानावर घातलंय, तरुण संघाशी ते बोलतील, आजींचा भाग काढून टाकायला सांगतील.

सलणं पूर्ण गेलं असं नाही. पण काका, ती पिशवीची गोष्ट मी आजींना सांगणार आहे, त्यांना आवडेल.

घणसोलीवाल्या दादा, तू विचारलंस की कोणाला नेलंय का, तर नाही, मला कोणाला विचारायला संकोच वाटायचा, सगळे बिझी असतात म्हणून. आता विचारते. येतोस?

घणसोली_गिटार

येतो ताई. या शनिवारी सेकंड शिफ्ट आहे, दीडपर्यंत मोकळा आहे. ठाणे स्टेशनला नऊला भेटू, कोपरीच्या बाजूला. गिटार आणू का? चार मजले चढायचे आहेत पण चालेल. मोबाइल खिशातच राहील.

ऐरोलीची_रूथ

आण. आजींना जुनी भजनं आवडतात, रेव्हरंड ना. वा. टिळकांची, तालात चुकलास तर थांबवून सुधारतील. आणि येताना एक छोटा हातात धरायचा आरसा मिळाला तर घेऊन ये, सिस्टरनी सांगितलेला तळवे बघायला.

उथळसर_काका

कोपरीत माझा भाचा राहतो, शनिवारी मोकळा असतो, गाडी आहे. कोणाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर कळवा, मेसेज करा.